गिरमिटियांचा भाऊ : दीनबंधू चार्ल्स अँड्र्यूज

भारतातील इंग्रजी अमलाचा इतिहास वाचताना ख्रिस्ती माणसाच्या मनाला एक गोष्ट सतत टोचत राहते. ज्या राष्ट्राने आपल्याकडे मिशनरी पाठवले, शाळा आणि दवाखाने काढले, पवित्र शास्त्राच्या भाषांतरासाठी विद्वान दिले, त्याच राष्ट्राच्या राज्यात लाखो गरीब भारतीयांना कराराच्या कागदावर अंगठा उमटवायला लावून समुद्रापार उसाच्या मळ्यांत नेण्यात आले. या दोन गोष्टी एकाच काळात, एकाच झेंड्याखाली चालू होत्या. त्या वेळच्या कित्येक भल्या ख्रिस्ती माणसांनी पहिली गोष्ट पाहिली आणि दुसरीकडे पाठ फिरवली. ज्यांनी पाठ फिरवली नाही त्यांपैकी एका इंग्रज पाळकाचे चरित्र आम्ही या लेखात सांगणार आहोत. त्याचे नाव चार्ल्स फ्रियर अँड्र्यूज. भारताने त्यांना दीनबंधू म्हटले.

अँड्र्यूज यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८७१ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे झाला. पुढे कुटुंब बर्मिंगहॅमला गेले. वडील कॅथलिक अपोस्टोलिक नावाच्या एका लहानशा मंडळीचे सेवक होते. घरात मुले पुष्कळ आणि मिळकत बेताची. आईच्या नावावर थोडा पैसा होता. तो ज्या विश्वासू मित्राच्या हाती ठेवला होता त्याने सट्ट्यात घालवला आणि कुटुंब उघडे पडले. त्या रात्री वडील नेहमीप्रमाणे कौटुंबिक प्रार्थनेला बसले. त्यांनी त्या मित्राला शाप दिला नाही. त्याला क्षमा मिळावी, त्याचे भले व्हावे, अशी त्यांनी प्रार्थना केली. लहान चार्ल्सने ती ऐकली. पुढे आयुष्यभर त्यांनी अन्यायाशी झगडा केला, पण अन्याय करणाऱ्याचा द्वेष केला नाही. त्याचे मूळ त्या रात्रीच्या प्रार्थनेत आहे असे आम्हांस वाटते. आपल्या घरांतील सायंप्रार्थना मुलांच्या मनात काय पेरते हे आईबापांना त्या वेळी कळत नसते.

मुलगा हुशार निघाला. १८९० मध्ये तो केंब्रिजच्या पेंब्रोक कॉलेजात दाखल झाला. शिक्षण संपल्यावर अँड्र्यूज यांनी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये पाळकीय दीक्षा घेतली आणि लंडनच्या दक्षिण भागातील वॉलवर्थ या दरिद्री वस्तीत काम केले. पुढे ते केंब्रिजला परत गेले व शिकवू लागले. त्यांचा एक जिवलग मित्र, बेझिल वेस्टकॉट, दिल्लीच्या केंब्रिज मिशनमध्ये गेला होता. १९०० मध्ये तो पटकीने वारला. मित्राची रिकामी जागा अँड्र्यूज यांना बोलावू लागली. २० मार्च १९०४ रोजी ते भारतात पोहोचले. हा दिवस ते आपला दुसरा वाढदिवस मानीत.

दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात ते शिक्षक झाले. तेथे त्यांना एक बंगाली ख्रिस्ती प्राध्यापक भेटले, सुशीलकुमार रुद्र. इंग्रजी राज्य म्हणजे ईश्वराची कृपा, अशा समजुतीत अँड्र्यूज लहानाचे मोठे झाले होते. रुद्रांच्या सहवासात त्यांना प्रथमच हे राज्य खालून कसे दिसते ते पाहायला मिळाले. सुशिक्षित भारतीयाला रेल्वेच्या डब्यात, कचेरीत, क्वचित ख्रिस्तमंदिराच्या दारातही काय सोसावे लागते हे त्यांनी मित्राच्या डोळ्यांनी पाहिले.

१९०६ साली कॉलेजचे प्राचार्यपद रिकामे झाले. मिशनमधील काही मंडळींना तेथे इंग्रज माणूसच हवा होता आणि अँड्र्यूज यांचे नाव पुढे येत होते. त्यांनी ते पद घेण्यास नकार दिला. ज्याचा अनुभव अधिक आणि ज्याची योग्यता अधिक त्या रुद्रांनाच ते मिळाले पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला. सुशीलकुमार रुद्र हे त्या कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य झाले आणि अँड्र्यूज आनंदाने त्यांच्या हाताखाली काम करू लागले. गोऱ्या माणसाने काळ्या माणसाच्या हाताखाली राहावे हे त्या काळी किती अवघड होते, याची कल्पना आज आपल्याला सहज येणार नाही.

यानंतर त्यांच्या आयुष्यात आपल्या महाराष्ट्राचा एक थोर पुरुष आला. गोपाळ कृष्ण गोखले हे रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी जन्मलेले. परदेशांत नेलेल्या भारतीय मजुरांची बाजू व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात त्यांच्याइतक्या अभ्यासाने दुसऱ्या कोणी मांडली नसेल. १९१३ साली दक्षिण आफ्रिकेत गांधीजींचा सत्याग्रह चालू होता. कराराची मुदत संपवून नाताळ प्रांतात राहिलेल्या मजुरावर दर वर्षी तीन पौंडांचा कर लादला होता. शिवाय केप येथील न्यायालयाने त्या वर्षी असा निकाल दिला होता की ख्रिस्ती पद्धतीने न झालेले विवाह कायद्याने ग्राह्य नाहीत. एका निकालाने हजारो हिंदू व मुसलमान स्त्रियांचे पत्नीपण धोक्यात आले. ख्रिस्ताच्या नावाचा असा उपयोग झालेला पाहून अँड्र्यूज यांना शरम वाटली. त्यांनी आपली शिल्लक गोखल्यांच्या मदतनिधीला देऊन टाकली आणि गोखल्यांच्या विनंतीवरून विली पिअर्सन या मित्राबरोबर ते आफ्रिकेस निघाले.

१९१४ च्या जानेवारीत ते दर्बानच्या बंदरात उतरले. धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसांत गांधी कोण, असे त्यांनी विचारले. जाडेभरडे पांढरे कपडे घातलेल्या, मजुरासारख्या दिसणाऱ्या एका माणसाकडे कोणी तरी बोट दाखवले. अँड्र्यूज यांनी वाकून त्यांच्या पायांस हात लावला. गोऱ्या वर्तमानपत्रांनी यावर काहूर माजवले. पण त्याहून मोठा घाव पुढे बसायचा होता. अँड्र्यूज तेथील एका ख्रिस्तमंदिरात उपदेश करणार होते. तो ऐकण्यास गांधीजी गेले, तेव्हा त्यांच्या रंगामुळे त्यांना दारातून परत फिरावे लागले. प्रभूच्या प्रेमाविषयी आत प्रवचन चालू होते आणि ते ऐकायला आलेला माणूस बाहेर होता. ही गोष्ट अँड्र्यूज कधी विसरले नाहीत. आपणही विसरू नये.

पुढचे काही दिवस ते गांधीजी आणि जनरल स्मट्स यांच्यामध्ये ये-जा करीत राहिले. त्याच दिवसांत इंग्लंडहून आईच्या मृत्यूची बातमी आली. आईवर त्यांचे विलक्षण प्रेम होते. दुःख उराशी धरून त्यांनी हाती घेतलेले काम पुरे केले. त्या वर्षी तीन पौंडांचा कर रद्द झाला आणि भारतीय विवाहांना मान्यता मिळाली.

भारतात परतल्यावर त्यांनी मिशन सोडले व ते रवींद्रनाथ टागोरांच्या शांतिनिकेतनात राहावयास गेले. धर्ममतांतील काही वाक्ये पाळक म्हणून उपासनेत म्हणताना त्यांच्या विवेकाला टोचणी लागे, म्हणून त्यांनी पाळकीय काम थांबवले. अनेक मिशनरी मित्रांना हा विश्वासत्याग वाटला. उलट, काही भारतीयांना हा सरकारचा हेर असावा अशी शंका आली. दोन्ही बाजूंनी संशय घेतला गेला. धर्ममतांच्या बाबतीत सर्व वाचक त्यांच्याशी सहमत होतील असे नाही, आणि आम्हीही तो वाद येथे सोडवू पाहत नाही. पण प्रभू येशूला त्यांनी सोडले नव्हते, हे पुढच्या हकिकतीवरून दिसून येईल.

ती हकिकत समजण्यासाठी गिरमिट म्हणजे काय ते पाहू. अॅग्रीमेंट या इंग्रजी शब्दाचा मजुरांच्या तोंडी गिरमिट झाला आणि त्यावर सही करणारा गिरमिटिया. १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. १८३४ पासून ते भारतातून नेण्यास सुरुवात झाली. मॉरिशस, त्रिनिदाद, ब्रिटिश गयाना, नाताळ, फिजी अशा वसाहतींत दहा लाखांहून अधिक भारतीय गेले. मॉरिशसला गेलेल्यांत मुंबई बंदरातून निघालेली मराठी माणसेही होती व त्यांचे वंशज आज तेथे आहेत. फिजीला पहिले जहाज १८७९ मध्ये पोहोचले, शेवटचे १९१६ मध्ये. तेवढ्या काळात सुमारे ६० हजार माणसे तेथे गेली.

अरकाटी नावाचे दलाल खेड्यांत, यात्रांत व स्टेशनांवर फिरत. घरातून भांडून निघालेली सून, दुष्काळाने गांजलेला शेतकरी, काम शोधणारा तरुण, असे लोक त्यांच्या जाळ्यात सापडत. फिजी कोठे आहे हे पुष्कळांना ठाऊकच नसे. करार पाच वर्षांचा. दिवसाचे ठरलेले काम पुरे केले तर पुरुषास एक शिलिंग आणि स्त्रीला नऊ पेन्स. काम अपुरे राहिले किंवा माणूस गैरहजर राहिला तर तो फौजदारी गुन्हा ठरे व दंड किंवा तुरुंग पदरी येई. मालक करार मोडी तेव्हा मजुराला दाद मागणे जवळजवळ अशक्य होते. राहण्यास लाइनी, म्हणजे ओळीने बांधलेल्या खोल्या. दहा फूट लांब, सात फूट रुंद अशा एका खोलीत तीन एकटे पुरुष किंवा एक कुटुंब. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया एवढेच प्रमाण ठेवलेले. त्यामुळे घर, विवाह आणि अब्रू यांची जी दुर्दशा झाली तिचे वर्णन करण्याची गरज नाही.

गोखल्यांनी १९१२ मध्ये ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला होता. सरकारी बहुमताने तो फेटाळला गेला. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले वारले. काम अपुरे राहिले होते.

त्याच वर्षी उन्हाळ्यात अँड्र्यूज यांना शांतिनिकेतनात पटकी झाली. ते मरणाच्या दारातून परत आले आणि विश्रांतीसाठी सिमल्यास गेले. तेथे व्हरांड्यात खुर्चीवर पडून ते फिजीतील मजुरांविषयी वाचीत व विचार करीत असत. एक दिवस त्यांच्या डोळ्यांपुढे नाताळमध्ये पाहिलेल्या एका मजुराचा चेहरा उभा राहिला. मळ्यातून पळालेला, पाठीवर माराचे वळ असलेला आणि भीतीने अंग चोरून बसलेला तो माणूस. ते पाहत असताना तो चेहरा पालटला आणि त्या ठिकाणी त्यांना प्रभू ख्रिस्ताचा चेहरा दिसला. मत्तयाच्या २५ व्या अध्यायातील न्यायाच्या दिवसाचा दृष्टांत आपण शब्बाथशाळेत कितीदा शिकवतो. अँड्र्यूज यांना तो सिमल्याच्या व्हरांड्यात प्रत्यक्ष भेटला. आपण फिजीला गेलेच पाहिजे, हे त्यांना त्या क्षणी कळले.

येथे आम्ही वाचकांचे लक्ष एका गोष्टीकडे वेधतो. असा अनुभव आल्यावर एखादा मनुष्य त्याविषयी साक्ष देत फिरला असता, आणि त्यातही काही वावगे नव्हते. अँड्र्यूज यांनी वही काढली. १९१५ च्या अखेरीस ते पिअर्सनसह फिजीला गेले. मजूर, मुकादम, मळ्यांचे व्यवस्थापक, न्यायाधीश, डॉक्टर, मिशनरी, सर्वांना भेटले. लाइनींत जाऊन बसले. न्यायालयातील खटले पाहिले. आत्महत्यांचे आकडे मागून घेतले, तेव्हा त्यांचे प्रमाण भारतातील प्रमाणाच्या कित्येक पट असल्याचे दिसले. प्रत्येक मळेवाला क्रूर नव्हता, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. दोष पद्धतीतच आहे आणि ती सुधारून चालणार नाही, बंदच केली पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. फेब्रुवारी १९१६ मध्ये त्यांचा अहवाल तयार झाला. सरकारला तो खोटा पाडता आला नाही, कारण तो पाहून आणि मोजून लिहिला होता.

पुढच्याच महिन्यात पंडित मदनमोहन मालवीयांचा गिरमिट बंद करण्याविषयीचा ठराव व्हाइसरॉय हार्डिंग यांनी मान्य केला. लोकांना वाटले, संपले. पण काही महिन्यांनी असे उघड झाले की आणखी पाच वर्षे भरती चालू ठेवण्याचा विचार आहे. तेव्हा अँड्र्यूज आजारी असूनही पुन्हा उठले. १९१७ च्या सुरुवातीस देशभर सभा झाल्या. भारतीय स्त्रियांनी आपल्या बहिणींच्या अब्रूसाठी आवाज उठवला व सरोजिनी नायडूंसारख्या वक्त्या त्यात पुढे होत्या. गांधीजींनी सरकारला मुदत घालून दिली. मार्च १९१७ मध्ये ही भरती थांबवण्यात आली.

तरीही जे आधीच फिजीत अडकले होते त्यांचे काय? अँड्र्यूज १९१७ मध्ये पुन्हा तेथे गेले. दीनबंधू हे नाव त्यांना तेथील भारतीय मजुरांनीच दिले असे सांगतात. मळ्यांची मालकी मुख्यत्वे ऑस्ट्रेलियातील साखर कंपनीकडे होती, म्हणून ते ऑस्ट्रेलियाच्या शहरांतून बोलत फिरले. तेथील स्त्रियांच्या संस्थांनी १९१८ मध्ये फ्लॉरेन्स गार्नहॅम या मिशनरी बाईंना चौकशीसाठी फिजीला पाठवले व त्यांनीही अँड्र्यूज यांच्या म्हणण्याला दुजोरा दिला. १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले सर्व गिरमिट रद्द झाले आणि शेवटचा गिरमिटिया मोकळा झाला.

हे सर्व एकट्या अँड्र्यूज यांनी केले असे म्हटल्यास ते त्यांनाच आवडले नसते. जे. डब्ल्यू. बर्टन या मेथडिस्ट मिशनऱ्याने १९१० मध्येच फिजीतील गिरमिटाची काळी बाजू पुस्तकातून मांडली होती. तोताराम सनाढ्य यांनी फिजीत २१ वर्षे काढून परत आल्यावर आपले अनुभव हिंदीत प्रसिद्ध केले होते. गोखल्यांनी पाया घातला होता. अँड्र्यूज यांचे विशेष हे की त्यांनी या सर्वांचे ऐकले, स्वतः जाऊन पाहिले आणि सत्ताधाऱ्यांना त्यांच्याच भाषेत, त्यांच्यातलाच एक होऊन, ते सांगितले.

यानंतरची वीस वर्षे ते असेच फिरत राहिले. केनिया, दक्षिण आफ्रिका, ब्रिटिश गयाना, जेथे भारतीय मजूर तेथे ते. १९२१ मध्ये आसामच्या चहामळ्यांतून निघालेले हजारो मजूर चांदपूरला अडकले व त्यांच्यात पटकी पसरली, तेव्हा ते त्यांच्यात जाऊन राहिले. १९२२ मध्ये अमृतसरजवळ गुरु का बाग येथे पोलिसांचा मार हात न उचलता सोसणारे अकाली शीख त्यांनी पाहिले आणि त्यांना वधस्तंभावरील प्रभूची आठवण झाली. १९२४ च्या आरंभी पुण्याच्या ससून इस्पितळात गांधीजींवर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ते त्यांच्या सेवेस आले. त्याच वर्षी दिल्लीत हिंदू-मुसलमान ऐक्यासाठी गांधीजींनी २१ दिवसांचा उपवास केला. तो सुटताना कुराण व उपनिषदे म्हटली गेली आणि अँड्र्यूज यांनी वधस्तंभाचे एक प्रसिद्ध इंग्रजी गीत गाइले.

गांधीजींचे ते मित्र होते, पण होयबा नव्हते. १९२१ मध्ये गांधीजींनी विदेशी कापडाच्या होळ्या सुरू केल्या, तेव्हा अँड्र्यूज यांनी स्पष्ट विरोध केला. दुसऱ्या माणसाच्या श्रमाचे कापड जाळल्याने मनात द्वेष पेटतो, असे त्यांचे म्हणणे होते. मैत्री मात्र तुटली नाही.

स्वतःच्या बाबतीत ते फार गबाळे. अंगावर बेंगरूळ कपडे, कधी धोतर. कोट मिळाला की तो कोणाला तरी देऊन टाकलेला. त्यांच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे सी. एफ. ए. अशी होती. त्यांचा अर्थ ख्रिस्ताचा विश्वासू प्रेषित असा लोक कौतुकाने लावीत. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी पुन्हा पाळकीय सेवा सुरू केली. साधू सुंदरसिंगांची आठवण त्यांनी पुस्तकरूपाने जपली. ५ एप्रिल १९४० रोजी कलकत्त्यात ते वारले आणि तेथेच लोअर सर्क्युलर रोडच्या दफनभूमीत त्यांना पुरले. १९७१ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीस भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले.

शब्बाथशाळेतील मुलांना हे चरित्र सांगताना शिक्षकांनी ते फिजीपाशी थांबवू नये, अशी आमची विनंती आहे. साखरेचा एक खडा मुलांच्या हाती द्यावा आणि तो कोठून येतो ते विचारावे. दर वर्षी पावसाळा संपला की बीड व आसपासच्या दुष्काळी भागांतून लाखो ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेऊन घर सोडतात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात, बेळगावच्या उसाच्या पट्ट्यात ते येतात आणि पाचट-ताडपत्रीच्या कोप्या उभारून राहतात. उचल फिटेपर्यंत त्यांना पाय मोकळे करता येत नाहीत. त्यांची मुले शाळेबाहेर राहतात आणि बायका पहाटे अंधारात फडावर जातात. कायदा आज वेगळा आहे, गिरमिट राहिलेले नाही. तरी अँड्र्यूज यांनी फिजीच्या लाइनींत पाहिलेल्या गोष्टींपैकी काही या कोप्यांतही दिसतात.

आपली कित्येक ख्रिस्तमंदिरे अशा फडांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. नाताळात आपण तेथे मिठाई वाटून येतो, ते चांगलेच. त्याबरोबर आपल्यापैकी कोणी वही घेऊन जावे. किती मुले आहेत, ती कोणत्या इयत्तेत होती, कोण आजारी आहे, कोणाची उचल किती राहिली, हे विचारून लिहून घ्यावे. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना, आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना, साखर कारखान्याच्या कचेरीला ते नेऊन दाखवावे. अँड्र्यूज यांनी त्या मजुराच्या चेहऱ्यात प्रभूला ओळखले आणि मग त्याच्या खोलीची लांबी-रुंदी लिहून आणली. या हंगामात आपल्या मंडळीतून निदान दोघे जण तेवढे करोत.